ग्रामसभा गेली, नगरपंचायत आली : वस्तीनं सरकारी योजनेत कसं शिरायचं

आपल्या विदर्भातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांचं २०१५ च्या आसपास एकच झालं. काल ग्रामपंचायत होती, आज नगरपंचायत. कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी, महागाव, तिकडं सेलू, समुद्रपूर, गोंडपिपरी, पोंभुर्णा, कोरची, धानोरा, सगळे एका झटक्यात शहर झाले. शहर म्हणजे काय तर बोर्ड बदलला, १७ प्रभाग पडले, टॅक्सची पावती वेगळी झाली, बाकी सकाळी डबा घेऊन दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणाऱ्या बाया त्याच अन् पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी तेच. मनरेगा ग्रामीण भागापुरती म्हणून जॉब कार्ड पेटीत गेलं, ग्रामीणच्या घरकुल यादीत नाव होतं ते शहरी यादीत नव्यानं घाला म्हणाले.

पण सगळ्यात मोठी गोष्ट गेली ती ग्रामसभा, आणि ती गेल्याचं बऱ्याच लोकांच्या ध्यानातच आलं नाही. ग्रामसभेत कसं का होईना, उभं राहून सरपंचाला "आमच्या टोलीचं काय?" असं विचारता येत होतं आणि ग्रामसेवकाला ते लिहून घ्यावं लागत होतं. नगरपंचायतीत तशी सभा नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांना वॉर्ड समित्या दिल्या खऱ्या, पण त्या बंधनकारक आहेत ३ लाख किंवा त्यावर लोकसंख्या असलेल्या शहरात. आपल्या गावाची लोकसंख्या काही हजार, म्हणजे आपल्याला तेही नाही. गडचिरोलीतल्या कोरची, भामरागड, एटापल्लीसारख्या गावांचं तर डबल नुकसान, कारण आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा पेसा कायदा पंचायतीपुरता आहे, नगरपंचायत झाली की त्या गावाला पेसाची ग्रामसभा लागू राहत नाही.

तर हे लिहून राहिलो ते भीमनगर, वडार वस्ती, पारधी बेडा, आठवडी बाजाराच्या मागची झोपडपट्टी, असल्या वस्तीत राहणाऱ्या किंवा तिथं काम करणाऱ्या पोरापोरींसाठी. सरकारच्या प्रत्येक योजनेत "लोकसहभाग" लिहिलेला असतो. प्रत्यक्षात वस्तीला तीनदा बोलावतात : सही करायला, भूमिपूजनाला, आणि फोटोला. तिन्ही वेळेस काम आधीच ठरलेलं असते. वस्तीचं म्हणणं कागदावर यायची वेळ त्याच्या लय आधीची आहे, काम कुठं अन् काय करायचं ते ठरते तेव्हाची. तिथपर्यंत पोचायचं कसं, ते खाली.

पहिले जागा कोणाची ते पाहा

हे सोडून बाकी सगळं करणारे लय पाहिले. निवेदन देतात, मोर्चा काढतात, आणि मंग कळते की जागाच अशी आहे की तिथं नगरपंचायत खर्च टाकू शकत नाही. म्हणून सगळ्यात आधी वस्तीचा गट नंबर काढा आणि सातबारा बघा. ऑनलाइन बघता येते, पण सहीचा उतारा तलाठ्याकडून घ्याच.

गावठाण किंवा आबादी असेल तर सगळ्यात सोपं. नझूल (शहरातली सरकारी जागा) असेल तर पट्ट्याचं, नूतनीकरणाचं पाहावं लागते, भूमी अभिलेखमधे चकरा होतील. अमरावती विभागात, म्हणजे यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाणा, अमरावतीकडं, बऱ्याच वस्त्या ई-क्लास जमिनीवर बसलेल्या आहेत. ती सरकारी जमीन. २०१८ च्या नोव्हेंबरमधे राज्य सरकारनं जीआर काढला की पंतप्रधान आवास योजनेसाठी शहरी भागातलं सरकारी जमिनीवरचं १ जानेवारी २०११ च्या आधीचं अतिक्रमण नियमानुकूल करता येते. ही तारीख पाठच करून ठेवा. पण त्यात गायरान म्हणून नोंद असेल तर गाडं अडते, कारण २०११ मधेच सुप्रीम कोर्टानं गायरान आणि गावाच्या सामाईक जमिनीवरच्या अतिक्रमणाबद्दल कडक निकाल दिला होता आणि त्यावर राज्यानं १२ जुलै २०११ ला जीआर काढला, अधिकारी तोच दाखवतात.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आणखी एक प्रकार, झुडपी जंगल. दिसायला माळ, चार बोरीची झुडपं, त्यावर दोन पिढ्यांची घरं, पण कागदावर झुडपी. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही वनजमीनच आहे, मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सरकारी अधिकाऱ्यांनी रीतसर वाटून दिलेल्या जागांसाठी केंद्राची मंजुरी घेऊन नियमित करायचा रस्ता ठेवला. तुमच्या वस्तीत कोणाकडं तेव्हाचा पट्टा, तहसीलचा आदेश, काहीही असेल तर तो लॅमिनेट करू नका (लॅमिनेट केलेल्या कागदाची शाई अन् शिक्का कोणी तपासून देत नाही), दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद घरात ट्रंकेत ठेवा.

राहण्याचा जुना पुरावा म्हणून सगळ्यात कामाचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा जुना नमुना ८. घरावर कर कधीपासून लागला ते त्यात दिसते. ग्रामपंचायत गेली तरी ते रजिस्टर नगरपंचायतीच्या रेकॉर्डमधे आलेलं असते, कोणत्यातरी कपाटात वाळवी खाऊन राहिली असेल, त्याच्या आत नक्कल मागा. सोबत जुनी मतदार यादी, लाइट बिल, पोराच्या शाळेचा दाखल खारीज उतारा. लोक म्हणतात "आमच्याजवळ काईच कागद नाही", आणि पेटी उघडली की अर्धा किलो कागद निघते.

आपली यादी आपण करा

सरकारी सर्व्हे येतो तेव्हा निम्मी वस्ती घरी नसते. दिवाळीनंतर कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊस तोडायला, गडचिरोली-चंद्रपूरकडचे मिरची तोडायला तेलंगणात. सर्व्हेवाला घराला कुलूप पाहून पुढं जातो आणि त्या कुटुंबाचं नाव यादीतून गळते. नंतर "तुमचं नाव नाही" म्हणणारा खोटं बोलत नसते, नाव खरंच नसते. त्यामुळे वस्तीची स्वतःची यादी पाहिजे, आणि ती पोळ्याच्या आसपास करा, तेव्हा माणसं गावात असतात.

एक जाड वही घ्या. दर घरामागं एक ओळ : नवरा-बायको दोघांचं नाव, किती वर्षापासून राहून राहिले, भिंत कशाची, छत कशाचं, संडास आहे का आणि तो चालू आहे का (यात लय फरक आहे, तुराट्या भरून ठेवलेले संडास पुष्कळ), नळ, मीटर, जातीचा दाखला, घरात दिव्यांग कोणी, विधवा किंवा एकटी बाई कोणी. एका छपराखाली दोन चुली असतील तर दोन ओळी करा, कारण आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली पोरं, लग्न झालेला पोरगा वेगळं कुटुंब धरल्या जाते. आधार नंबर, बँक खातं वहीत लिहू नका. वही दहा हातातून जाते, उद्या कोणाच्या खात्यावरून पैसे गेले तर वही लिहिणाऱ्याच्या गळ्यात येईल.

मंग नकाशा. मोठ्या ड्रॉइंग कागदावर गल्ल्या काढा, स्केल-बिल जाऊ द्या. हापशी, सार्वजनिक नळ, खांब, नाली कुठून सुरू होते आणि कुठं संपते. हे शेवटचं महत्त्वाचं. आपल्याकडच्या अर्ध्या नाल्या कुठंच संपत नाहीत, खालच्या गल्लीतल्या कोणाच्या तरी भिंतीशी जाऊन थांबतात आणि मंग दोन गल्ल्यात भांडण. ऑगस्टमधे पाणी कुठं साचते ते निळ्या पेननं रंगवा. हे काम म्हाताऱ्या बायांना विचारून करा. पाणी कुठून येते आणि कोणत्या साली कोणाची भिंत पडली ते त्यांना जेवढं ठाऊक तेवढं अभियंत्याला नसते. ओडिशात २०१७ ला झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा झाला तेव्हा ड्रोननं नकाशे काढले, पण घरोघरी जाऊन कोण कुठं राहते ते वस्तीतल्या लोकांच्या संघटनांना सोबत घेऊनच पक्कं केलं. आपल्याकडं ड्रोन नाही तर नाही, ड्रॉइंग कागद वीस रुपयात भेटते.

बैठक

जूनमधे पेरणीच्या तोंडावर आणि नोव्हेंबरमधे वेचणी चालू असताना बैठक ठेवू नका, कोणी येणार नाही आणि तुम्ही म्हणाल लोकायले गरजच नाही. टाइम रात्री आठनंतरचा, स्वयंपाक झाल्यावर. जागा कोणाच्या ओट्यावर नको, कारण ज्याच्या ओट्यावर त्याचा पक्ष. बुद्ध विहार, मारुतीचा पार, शाळेचं मैदान, सगळ्यांना चालेल अशी.

पहिल्या बैठकीला नगरसेवकाला बोलावू नका असं माझं म्हणणं आहे. बरेच जण याच्या उलटं सांगतील. पण तो आला की माणसं त्याच्याशी बोलतात, आपसात बोलत नाहीत, आणि बाया तर अजिबात बोलत नाहीत. दुसऱ्या बैठकीला मात्र मानानं बोलवा, खुर्ची द्या, नकाशा समोर ठेवा. प्रस्ताव सभागृहात तोच मांडणार आहे, त्याला डावलून काही होत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळवला त्या गावानं. लोक घोषणा लक्षात ठेवतात, पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट दुसरीच आहे : अभ्यास गट. म्हणजे निर्णयाच्या सभेच्या आधी थोडे जण बसून कायदा, कागद, नियम समजून घेतात, आणि मंग सभेत सगळ्यांच्या संमतीनं ठरते. आपल्या वस्तीत दोनशे घरं, चार जाती, तीन पक्ष, तिथं सर्वसंमती दर वेळेस होईल असं नाही. पण अभ्यास गट जमते. पाच-सहा जण, त्यात निम्म्या बाया, एक तरी बारावी-ग्रॅज्युएट पोरगी जी मोबाइलवर जीआर वाचेल.

बैठकीत कामं तीनच काढायची. पंधरा कामांची यादी दिली तर वरचे लोक त्यातलं त्यांना सोयीचं उचलतात, आणि ते बहुतेक वेळा सभामंडप असते, कारण त्याचं उद्घाटन चांगलं होते. सभामंडप वाईट नाही, लग्नाकार्याला लागते, पण ज्या वस्तीत नाली नाही तिथं आधी नाली मागा. क्रम लावून लिहा, १, २, ३. खाली सह्या, अंगठे, तारीख, बैठकीचा फोटो. बायांच्या सह्या नवऱ्यांकडून घेऊ नका बाप्पा.

कोणत्या कामाला कोणतं दार

सगळं एकाच अर्जात कोंबून "आमच्या समस्या सोडवा" लिहिलं की तो अर्ज फाइलला लागते आणि तिथंच म्हातारा होते. ढोबळ मानानं असं आहे :

अनुसूचित जाती, नवबौद्ध वस्तीतला रस्ता, नाली, पाणी, लाइट, समाजमंदिर यासाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना, जुने लोक तिला अजून दलित वस्तीच म्हणतात. बाकी समाजाच्या गरीब वस्तीसाठी दलितेतर वस्ती सुधारणा. पैसे जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीतून, जिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव कलेक्टर. नगरपंचायत फक्त प्रस्ताव पाठवते. नगरोत्थान या शहरी कामांच्या योजनेचा पैसाही याच वाटेनं येते. म्हणून अर्जाची एक प्रत कलेक्टर ऑफिसच्या नगरविकास शाखेत, तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नावानं, टाकायची, तिथं पोच घ्यायची.

नगरपंचायतीच्या स्वतःच्या बजेटमधे महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के ठेवावे लागतात. ते खर्च झाले का आणि कशावर, एवढं जरी विचारलं तरी ऑफिसात खुर्च्या हलतात. बजेट जानेवारी-फेब्रुवारीत बनते, तुमची मागणी डिसेंबरच्या आत गेली पाहिजे. मार्चमधे दिलेला अर्ज म्हणजे पुढच्या वर्षाचा अर्ज.

बचत गटाच्या बायांनी एक ध्यानात ठेवावं. २०१३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दहा ते वीस बायांचा गट, गटांचा वस्तीस्तर संघ, त्यावर शहरस्तर संघ अशी रचना केली होती, गटाला १० हजार आणि वस्तीस्तर संघाला ५० हजार फिरता निधी. तुमच्याकडं असा संघ नोंदलेला असेल तर वस्तीचा अर्ज त्याच्या लेटरहेडवर द्या. चार पोरांच्या सहीचा अर्ज आणि नोंदणी नंबर असलेल्या संघाचा अर्ज, बाबू दोन्हीकडं वेगळ्या नजरेनं बघते.

अर्ज लांब नको. असा चालते :

"प्रति, मुख्याधिकारी, नगरपंचायत. विषय : प्रभाग क्र. __ मधील __ वस्तीतील कामे चालू वर्षाच्या प्रस्तावात घेण्याबाबत. दि. __ रोजी झालेल्या वस्ती बैठकीत खालील तीन कामे प्राधान्यक्रमाने ठरली. कामांची जागा सोबतच्या नकाशात दाखवली आहे. जागेचा सातबारा, कुटुंबांची यादी व बैठकीचे इतिवृत्त जोडले आहे. सदर कामांची संयुक्त स्थळपाहणी वस्तीतील प्रतिनिधींच्या उपस्थितीत करावी व प्रस्तावात घेतल्याचे किंवा न घेतल्याचे कारणासह लेखी कळवावे."

दोन प्रती न्या, दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, पाहतो मी" म्हणणाऱ्याला हसून म्हणा, "पायता तं पाहा साहेब, पन शिक्का तेवढा मारा."

काम कोणत्या टप्प्यावर पकडायचं

कागद असा फिरते : अभियंता अंदाजपत्रक करते, मंग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर, काम, मोजमाप पुस्तिका, बिल. लोक जागे होतात वर्क ऑर्डरनंतर, गिट्टी पडली की. पण नाली किती लांब, किती रुंद, कुठून कुठं, हे अंदाजपत्रकातच ठरून गेलेलं असते, आणि नंतर "एस्टिमेटमधे नाही" हे एकच उत्तर भेटते. म्हणून स्थळपाहणीला अभियंता टेप घेऊन येईल त्या दिवशी मजुरी पाडून दोघं जण तरी त्याच्यासोबत चाला. नकाशा हातात ठेवा. नालीचं पाणी शेवटी कोणत्या नाल्यात सोडणार ते त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि त्याच दिवशी एका ओळीचं पत्र द्या की आजच्या पाहणीत असं असं ठरलं.

नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते, अध्यक्षानं खास कारणानं बंद केली नाही तर मागं बसून ऐकता येते. बोलता येत नाही. पण आपल्या प्रभागाचा विषय असताना मागच्या बाकावर वस्तीतल्या पाच-दहा बाया बसल्या असल्या की नगरसेवकाचा आवाज आपोआप चढते. सभेनंतर ठरावाची नक्कल मागा, तोंडी "पास झालं" यावर विसंबू नका.

काम सुरू झालं की साइटवर बोर्ड पाहिजे : योजना, रक्कम, ठेकेदार, मुदत. तपासायला इंजिनिअर लागत नाही. रस्त्याची जाडी कडेला टेप लावून मोजा, काँक्रीट टाकतानाच, कारण नंतर बाजूला मुरूम भरला की दिसत नाही. तराई निदान आठ-दहा दिवस, उन्हाळा असेल तर जास्त, तणसाची किंवा पोत्याची पट्टी ओली राहिली पाहिजे. नाली झाली की वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता, खालच्या टोकाला पोचलं पाहिजे, मधे डबकं झालं तर उतार चुकला. बिल निघायच्या आधी हे लेखी द्या, फोटोसह. बिल निघाल्यावर ठेकेदाराचा फोन लागत नाही. आणि ठेकेदार बऱ्याचदा वस्तीतल्याच पोराला मजूर मुकादम म्हणून ठेवते, मंग त्याच्याविरुद्ध कोण बोलणार. त्या पोराचा रोज जाऊ नये पण मोजणी त्याच्याकडं नसावी, एवढं आधीच बैठकीत ठरवून टाका.

घरकुल

यात लोकांना सगळ्यात जास्त रस आणि सगळ्यात जास्त दलाल. शहरी आवास योजना २५ जून २०१५ ला आली, दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून. स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखाच्या आत, देशात कुठंही पक्कं घर नको, मागच्या २० वर्षात दुसऱ्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. घर बाईच्या नावानं किंवा दोघांच्या. अनुसूचित जातीसाठी रमाई आवास वेगळी आहे, तिथंही शहरी भागात अडीच लाख, दोन्हीकडं फॉर्म भरून ठेवू आणि जे आधी येईल ते घेऊ असं करायला गेले तर दोन्हीकडून लटकते.

पैसे एकदम येत नाहीत. पायवा झाला की फोटो, जिओ टॅगिंग, मंग हप्ता, मंग पुढचा टप्पा. अडचण अशी की पहिला हप्ता यायच्या आत माणूस जुनं घर पाडते, पाल टाकून राहते, आणि दुसरा हप्ता पावसाळ्यात अडकते. दसऱ्यानंतर पाया घ्या म्हणजे मिरगाच्या आत स्लॅब पडते. वस्तीनं इथं एकच करायचं : ज्यांना मंजुरी आली त्यांची यादी करून, सगळ्यांचे टप्पे एका तारखेला दाखवायचे आणि नगरपंचायतीतल्या आवास योजनेच्या शहर समन्वयकाला बोलावून एकाच दिवशी सगळ्यांचं टॅगिंग करून घ्यायचं. एकट्या बाईला चार चकरा मारायला लावतात, पंचवीस घरांसाठी माणूस स्वतः गाडी घेऊन येते. घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे, तहसीलमधे त्याचाही एकत्र अर्ज टाका, वाहतुकीचा खर्च मात्र आपला.

कोणी "नाव लावून देतो, दहा हजार दे" म्हणालं तर बैठकीत त्याचं नाव मोठ्यानं घ्या. एवढंच. पोलिसात जायची गरज बहुतेक पडत नाही.

अडलं की

माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट, नमुना अ, दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही, फक्त कार्डाची नक्कल जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे न पाळल्यानं लय अर्ज परत येतात. "भ्रष्टाचार झाला आहे का" असा प्रश्न विचारू नका, कागद मागा : "प्रभाग क्र. __ मधील __ ते __ या नालीच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अदा केलेल्या देयकांच्या साक्षांकित प्रती." ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, वीस रुपये. त्यानंतर ९० दिवसात दुसरं अपील माहिती आयोगाकडं, आपल्यासाठी खंडपीठ नागपूर आणि अमरावतीला आहे, मुंबईला जायचं काम नाही. आयोगात तारीख लागायला वेळ लागते, म्हणून खरा जोर पहिल्या अपिलावर ठेवा. तिथं समोरासमोर बसून बोलता येते आणि निम्मे कागद तिथंच भेटतात.

दुसरं, लोकशाही दिन. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी तहसीलदाराकडं, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी कलेक्टरकडं. आधी तालुक्याला द्यायचं, तिथं नाही झालं तर त्याचा कागद घेऊन जिल्ह्याला. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी. सामूहिक निवेदन तिथं घेत नाहीत, वैयक्तिक तक्रार पाहिजे, म्हणून "माझ्या घरासमोरची नाली" असं लिहून पाच घरांनी पाच अर्ज द्या.

उपोषण, मोर्चा, खुर्चीला हार हे सगळं नंतर. आधी आवक नंबरचे कागद हातात असले तर पत्रकारही बातमी नीट छापते आणि साहेबही चर्चेला बोलावते.

आपसातलं

वस्ती एक नसते हे मान्य करून चाला. वरच्या गल्लीतले जमीनवाले, खालच्या गल्लीतले किरायानं राहणारे, बेड्यावरचे तर कोणाच्याच यादीत नाही. किरायादाराला घरकुल नाही तरी नाली-नळ त्याचाही आहे, त्याची सही घ्या. पारधी बेड्यावर जातीचे दाखले नसतात, तिथं दाखल्याचं शिबिर आधी लावा, योजना मंग. सगळे कागद एका माणसाच्या घरी ठेवू नका, उद्या तो निवडणुकीच्या तिकिटाच्या मागं लागला की फाइल त्याच्यासोबत जाते. एक संच विहारात किंवा अंगणवाडीत, एक अभ्यास गटातल्या बाईकडं, आणि सगळ्या पानांचे फोटो वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला काढू नका, तो ग्रुप जिवंत ठेवते, फक्त कागद पिन करून ठेवा.

झेरॉक्स, तिकीट, जिल्ह्याला जायचं एसटी भाडं याला पैसा लागते. दर घरी महिन्याला दहा रुपये गोळा करा आणि हिशोब बैठकीत वाचा. पुढाऱ्याकडून घेऊ नका, तो पहिल्या वेळेस काही मागत नाही.

नाली झाली, रस्ता झाला, की एक शेवटचं काम राहते. पूर्णत्वाचा दाखला कोणत्या तारखेचा आणि दोषदायित्व कालावधी किती महिन्याचा ते टेंडरच्या अटीत असते, ते पान काढून घ्या. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करायचा असते. तो कालावधी ज्या दिवशी संपते त्याच्या महिनाभर आधी अभ्यास गटातल्या पोरीनं मोबाइलमधे रिमाइंडर लावावा, वस्तीतून एक चक्कर मारून भेगांचे फोटो काढावे आणि पत्र टाकावं, आवक नंबरसह.